वाट्या साफ

१७ जानेवारी

बुटक्यास,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही, आणि आशीर्वादही या खेपेला मिळणार नाहीत. परवापासून तुझे सहा फोन आले, मी एकही उचलला नाही. फोनवर तू गोड बोलतोस, मी रडते, आणि शेवटी कोण काय म्हणालं ते दोघांच्याही लक्षात राहत नाही. आता कागदावर बोल. कागद मला जपून ठेवता येतो.

डोंगरात हौसेनं येणाऱ्यांसाठी तुमचं हवामान कार्यालय रोज सकाळी जो बर्फ-वाऱ्याचा अंदाज काढतं, तो बारा तारखेचा इथे उतरवते. मी असं म्हणालोच नव्हतो, अशी पळवाट तुला मिळायला नको. "ताजा बर्फ आठ सेंटिमीटर. खिंडीत वारा ताशी पंधरा ते वीस किलोमीटर, दुपारी किंचित वाढ. स्कीसाठी उत्तम दिवस." खाली तुझी सही. डोंगरावर नेणाऱ्या दोरपाळण्याच्या तिकीटखिडकीशेजारी तो कागद अजून चिकटलेला आहे. येताजाता मी तो वाचते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तुझे भावोजी सव्वीस वर्षं वाटाड्याचं काम करतात. आजवर त्यांच्या मागून गेलेलं एक माणूस मोडून परत आलेलं नाही. त्या उत्तम दिवशी ते चार जणांना घेऊन खिंडीपलीकडच्या उतारावर निघाले. साडेदहाला खिंडीत पोचले तेव्हा वारा ताशी नव्वदच्या वर होता. चौघांत एक दातांची डॉक्टर होती, चाळिशीची, हसतमुख बाई. वाऱ्यानं तिला उचलून खालच्या घळीत टाकलं. तिला वर काढायला ह्यांना चार तास लागले. तिचा उजवा हातमोजा उडून गेला होता. परवा तिची उजव्या हाताची तीन बोटं कापली. दातांची डॉक्टर आणि उजवा हात, तूच विचार कर.

आणि खापर कुणावर फुटलं? ह्यांच्यावर. चौकशी समितीनं परवाना काढून घेतलाय. अठरा फेब्रुवारीला सुनावणी आहे, आणि त्या दिवशी तो कायमचा जाणार असं सगळं गाव आत्ताच बोलायला लागलंय. हे परसातल्या बाकावर बसून स्कीच्या कडा घासत असतात. त्या कडांना आता कितीही धार आली तरी उपयोग काय?

पंधरा ते वीस कुठून आणलेस, एवढंच सांग. आणि सरळ सांग.

ताई



२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. दोन वेळा वाचलं. भावोजींबद्दल वाईट वाटतं आणि त्या डॉक्टरबाईंबद्दलही. हे मनापासून लिहितोय, तुला खरं वाटो न वाटो.

पण ताई, अंदाज हा अंदाज असतो. उपलब्ध नोंदी पाहून तो काढला जातो. त्या दिवशीच्या नोंदींवरून जो आकडा निघाला तो आम्ही दिला. प्रत्येक अंदाजाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की प्रत्यक्ष जागेवरची परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा. भावोजी काही नवखे नाहीत. खिंडीच्या खालच्या वळणावर वारा कळला असेलच की. तिथून परत का फिरले नाहीत, हा प्रश्न समिती विचारणार, आणि तो अगदीच चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही.

तू स्वतः आमच्यासाठी खिंडीतला वारा मोजायचा खांब सांभाळतेस. त्यामुळे नोंद म्हणजे काय आणि ती कशी चुकू शकते, हे मी तुला समजावून सांगायला नको.

एक विनंती आहे. सुनावणीत त्या सकाळचे कागद मागवू नका. त्यानं कुणाचंच भलं होणार नाही. भावोजींना सांग, शांतपणे उत्तरं द्या, हंगामभराची बंदी येईल आणि पुढच्या वर्षी परवाना परत मिळेल. मी इथून दोन-तीन जणांशी बोलतो.

गुडघ्याला जप.

तुझा भाऊ



२८ जानेवारी

बुटक्या,

पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं की हे तुझ्या कार्यालयातल्या कारकुनानं लिहिलंय आणि तू नुसती सही ठोकलीस. "उपलब्ध नोंदी." "परिस्थिती पाहून निर्णय." लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हा आईसमोर असंच बोलला होतास, की फुलदाणी टेबलाच्या फार कडेला होती. तेव्हा आठ वर्षांचा होतास, म्हणून सगळे हसले. आता पन्नाशी आली.

भावोजी का फिरले नाहीत, असं विचारतोस. अरे, ज्या माणसाच्या ताटाला ताट लावून तू पंधरा वर्षं दर सुट्टीत जेवलास, त्याच्यावर बोट दाखवताना तुला काहीच कसं वाटलं नाही? त्यांनी समितीला पहिल्याच दिवशी सांगितलं, निर्णय माझा होता. बस, एवढंच. पुढे एक शब्द बोलत नाहीत. खिंडीत काय दिसलं म्हणून विचारलं तर म्हणाले, बर्फ उडत होता, काही दिसलं नाही. मी घरी विचारते तर उठून परसात जातात. स्वतःला वाचवायला जीभ उचलत नाही हा माणूस, आणि तू त्याचा फायदा घेतोस.

कागद मागवू नका म्हणे. आता तर मागवणारच. मी समितीला अर्ज लिहून ठेवलाय. तुमच्या संगणकानं त्या सकाळी किती वारा सांगितला होता ते बाहेर येऊ दे. इथे दोरपाळण्यावरचा मिस्त्री सांगतो की त्याच्या एका ओळखीच्यानं दुसऱ्या कुठल्याशा संस्थेचा अंदाज पाहिला होता, त्यात सत्तर होते. मग तुझे पंधरा कसे झाले? कुणाला खूश करायला? शनिवार-रविवारची गर्दी कमी होऊ नये म्हणून हॉटेलवाल्यांनी तुझ्या साहेबाच्या कानाला लागून आकडा उतरवून घेतला का? माझा तरी तसाच संशय आहे, आणि सुनावणीत मी तो सगळ्यांसमोर बोलून दाखवणार आहे.

आणि खांबाला मध्ये आणू नकोस. माझं काम मी केलं. गुडघा माझा मी बघते.

ताई



२ फेब्रुवारी

ताई,

"माझं काम मी केलं." हे वाक्य तू लिहायला नको होतंस. इतके दिवस मी दातओठ खाऊन गप्प बसलो होतो. हॉटेलवाल्यांसाठी मी आकडा उतरवला, असं तू माझ्याबद्दल लिहितेस. आता वाच.

हो, संगणकानं पासष्ट ते पंचाहत्तर सांगितले होते. तुझ्या मिस्त्रीचा ओळखीचा बरोबर आहे. पण खिंडीतला खांब चौदा दाखवत होता. संगणक एक सांगतो आणि खांब दुसरंच, तेव्हा कुणाचं ऐकायचं याचा आमच्याकडे एकच नियम आहे, आणि तो तुला माझ्याइतकाच पाठ आहे. खांबावरच्या तीन वाट्या वाऱ्यानं फिरतात. त्यांच्यावर बर्फ चढला की त्या जड होतात, मंद फिरतात, आणि आकडा खोटा येतो. म्हणून रोज सकाळी एक माणूस दीड तास चढून वर जातो, लाकडी मोगरीनं वाट्यांवरचा बर्फ झाडतो, आणि फोनवरून दोन शब्द पाठवतो. "वाट्या साफ." ते दोन शब्द आले की आम्ही खांबाचं ऐकायचं. नाही आले तर खांब सोडायचा आणि संगणकाचं ऐकायचं.

बारा तारखेला सात वाजून दहा मिनिटांनी ते दोन शब्द आले. तुझ्या फोनवरून.

आता पुढचं. वाट्या झाडल्या की त्या एकदम मोकळ्या होतात आणि आकडा उडी मारतो. आठचा तीस होतो, चौदाचा चाळीस होतो. आलेखात ती उडी उभ्या रेघेसारखी दिसते. गेली सहा वर्षं मी रोज तुझी उडी बघतोय. तुला नवल वाटेल, पण मी चहाचा कप घेऊन तिची वाट बघतो. ती दिसली की मला कळतं, ताई वर पोचली, ठणठणीत आहे.

चार ते बारा जानेवारी उडी नाही. नऊ दिवस रोज सकाळी "वाट्या साफ" येत होतं आणि आलेखात रेघ सपाट. तू वर गेलीच नव्हतीस, ताई. एक दिवस नाही, नऊ दिवस.

अर्ज खुशाल पाठव. मागव कागद. पहिल्या पानावर तुझाच निरोप आहे.

बुटक्या



११ फेब्रुवारी

बुटक्या,

नऊ दिवस उत्तर दिलं नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही कागद शेगडीत घातले. त्या कागदांवर सगळं खोटंच होतं.

नाही गेले. चार तारखेला सकाळी निघाले आणि अर्ध्या वाटेवरच्या निवाऱ्यापाशी गुडघ्यानं जागीच बसवलं. डिसेंबरात घसरले होते तेव्हापासूनच तो दगा देत होता, पण त्या दिवशी पाय उचलेचना. निवाऱ्यात फळीवर बसून अर्धा तास चोळला. मग वाटलं, आजचा एक दिवस. फोनवर ते दोन शब्द टाईप केले. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीवर बसले. तिसऱ्या दिवशी तर निघतानाच मला माहीत होतं की मी फळीपर्यंतच जाणार आहे. मोगरी मात्र रोज खांद्यावर. घरी परतले की ती भिंतीला टेकवायची, जशी काही कामावरून आलीय.

ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. काम गेलं असतं. तुला हसू येईल, पण या गावात आजवर बाईला खांब दिला नव्हता. सहा वर्षं मी तो सांभाळला. एक दिवस चुकवला नाही, तापातही नाही. गुडघा गेला म्हणून तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा, हे मला गिळवत नव्हतं. बारा तारखेला ह्यांनी स्की बांधताना विचारलं, "झाडून आलीस ना?" मी म्हटलं, हो, वर सगळं शांत आहे. तोंडातून कसं सहज निघालं ते अजून कळत नाही.

हे झालं माझं. यावर तू मला काय बोलशील ते कमीच आहे. पण तुझा राग मी मुकाट्यानं ऐकून घेईन असं समजू नकोस, कारण माझा तुझ्यावरचा राग आता दुप्पट झालाय.

तुला माहीत होतं. नऊ दिवस तुला माहीत होतं. चहाचा कप घेऊन तू सपाट रेघ बघत होतास, आणि पुढे तिच्याच आधारानं अंदाज छापत होतास. तू एक फोन करू शकला असतास. शिव्या द्यायच्या होत्यास, की ताई, वर का जात नाहीस. मी चिडले असते, फोन आपटला असता, आणि दुसऱ्या दिवशी रांगत का होईना वर गेले असते. किंवा तुझ्या साहेबाला सांगायचं होतंस, खांब सोडा. तू गप्प बसलास, का, तर ताईची लाज राहावी. माझी लाज राखायला तुला कुणी सांगितलं होतं? मी खोटं बोलले आणि तू त्याच्यावर पांघरूण घातलंस. मग त्या बाईला घळीत एकट्या वाऱ्यानं टाकलं का?

ताई



१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं पत्र कार्यालयात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसलो. तू म्हणतेस ते खरं आहे. फोन तीन वेळा हातात घेतला होता. दर वेळी वाटलं, उद्या जाईल वर. शिवाय त्या आठवड्यात वारा खरोखरच कमी होता, सपाट रेघेनं कुणाचं बिघडत नव्हतं. बारा तारखेला पासष्ट आणि चौदा शेजारी शेजारी दिसले. पासष्ट छापायचे तर नियमाप्रमाणे कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू? माझी बहीण खोटं बोलते? चौदाला थोडे वाढवून पंधरा ते वीस केले. "उत्तम दिवस" हे शब्द आमच्या छापील यादीतून आपोआप येतात, ते माझे नाहीत. पण सही माझी आहे.

आता जे झालं ते झालं. मी मार्ग काढलाय, आणि कृपा करून त्यात मोडता घालू नकोस. समितीला कार्यालयाचं टिपण गेलंय. त्यात लिहिलंय की सकाळी वाट्या साफ केल्यानंतर तासाभरात ओल्या धुक्यामुळे त्यांच्यावर पुन्हा बर्फ चढला आणि यंत्रानं चुकीचा आकडा दिला. असं होतं कधीकधी, समितीतल्या जाणकारालाही पटेल. म्हणजे दोष यंत्राचा. भावोजी सुटतात, तू सुटतेस, मीही सुटतो. यंत्राला ना बोटं असतात ना अब्रू.

तुला फक्त गप्प बसायचंय. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं कारण देऊन काम सोड. त्या बाईंची बोटं आपण खरं बोललो म्हणून परत येणार नाहीत. माझ्यावरचा राग राहू दे, पण भावोजींचा विचार कर.

बुटक्या



२० फेब्रुवारी

बुटक्या,

सुनावणी झाली. तू आला नाहीस ते बरं केलंस.

खरं सांगते, मी गप्प बसणार होते. तुझ्या पत्रावर मी दोन दिवस थुंकले आणि तिसऱ्या दिवशी तुझंच ऐकायचं ठरवलं. ह्यांचा परवाना वाचत होता ना. अर्ज घरीच ठेवला. शाळेतल्या मोठ्या वर्गात खुर्च्या मांडल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसले आणि हात मांडीखाली दाबून ठेवले.

तुमच्या कार्यालयातल्या एका पोरसवदा बाईनं टिपण वाचलं. छान लिहिलं होतंस. ओलं धुकं, पुन्हा चढलेला बर्फ. समितीच्या अध्यक्षांच्या कपाळावरची आठी गेली. सगळ्यांनाच बरं वाटलं, यंत्राचा राग कुणालाच येत नाही. ते फाईल मिटायला लागले आणि परवान्याचं काय करायचं ते बोलणार, तेवढ्यात दातांची डॉक्टर उभी राहिली. हात गळ्यात बांधलेला होता. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, खालच्या वळणावरच वारा वाढला होता. आपण फिरायचं का, असं मी स्वतः विचारलं होतं. वाटाड्याही थांबून ऐकत होता, त्याच्या तोंडावर काळजी दिसत होती. मग तो म्हणाला, आकडा माझ्या घरचा आहे, बायको सकाळीच वर जाऊन आलीय. आणि आम्ही पुढे गेलो.

मग ती म्हणाली, "त्या घरच्या बाईला मला एकदा बघायचंय. एवढ्या खात्रीचं माणूस मला कधी मिळालं नाही."

टोमणा नव्हता रे. खरंच तिला बघायचं होतं.

हे ताडकन उठले. म्हणाले, तिचा काही संबंध नाही, निर्णय माझा होता. सव्वीस वर्षांत मी त्यांना चारचौघांत ओरडताना ऐकलं नव्हतं. मग मी उठले. गुडघ्यामुळे खुर्चीला धरून उठावं लागलं, सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, मीच ती. मी वर गेले नव्हते. त्या दिवशीही नाही आणि आधीचे आठ दिवसही नाही. टिपण खोटं आहे. वाट्यांवर बर्फ पुन्हा चढला नव्हता, तो झाडलाच नव्हता.

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. ती फक्त खाली बसली आणि डाव्या हातानं शेजारणीचा हात धरला.

परवाना दोन हंगाम गोठवलाय, रद्द केला नाही. खांब माझ्याकडून काढला, तो काढायलाच हवा होता. पुढे काय होईल ते समिती कळवणार आहे. टिपण कुणी लिहिलं, सपाट रेघ कुणाला माहीत होती, ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नाही. तुला वाचवायला नाही, गैरसमज नको. माझं मी बोलले, तुझं तू बोल. येत्या सोमवारपर्यंत वाट बघेन. तोवर तू तुझ्या साहेबासमोर उभा राहिला नाहीस, तर मंगळवारी तुझी पत्रं समितीकडे जातील. तू म्हणशील, सख्खी बहीण असं करते. हो, करते. सख्खी म्हणूनच आपण इथवर आलो.

 परत येताना गावात शिरलो आणि हे म्हणाले, "खांब मी पाहिला होता. वाट्यांवर बोटभर जाडीचा जुना बर्फ होता."

मी म्हटलं, मग महिनाभर बोलला का नाहीत?

म्हणाले, "वळणावर माझे कान सांगत होते, फिर. मी तुझं ऐकलं. आता त्यात तुला काय दोष देऊ, कान माझे होते."

यावर काय बोलायचं असतं, ठाऊक असेल तर कळव. मला त्यांचाही राग आला. दोघांनी मिळून मला वाचवायचं ठरवलंत, आणि मला कुणी विचारलं नाही. महिनाभर एका घरात राहून त्यांनी मला एकदाही खोटारडी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित शेवटी माफी मागितली असती.

आज सकाळी ते अंगात कोट चढवत होते, दुकानापर्यंत जायचं होतं. मी खिडकीतून बघून म्हटलं, वारा नाही बाहेर. ते हो म्हणाले. मग दार उघडून पायरीवर गेले, थोडा वेळ उभे राहिले, आत आले आणि कोटाची बटणं लावली. महिनाभर ते रोज हेच करत होते. माझ्या लक्षात आज आलं.

ताई